पाण्यातली म्हैस

आमच्याकडं एक म्हण आहे. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. म्हैस डोहात डुंबत असते, वर नुसती शिंगं आणि नाकपुड्या दिसतात, आणि काठावर उभी राहून माणसं तिची किंमत ठरवतात. तिचे चारी सड चालू आहेत का, पाय धड आहे का लंगडा, काही दिसत नाही. असा व्यवहार करणाऱ्याला शहाणी माणसं हसतात. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, दुसऱ्यालाही ऐकवत आलो. आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मीच पाण्यातली म्हैस घेतली. ती म्हैस म्हणजे एक जुना ट्रॅक्टर होता आणि पाणी म्हणजे मोबाईलची काच.

माझे किती पैसे गेले ते पुढं सांगतो. पण त्याआधी आमच्या भागातल्या बाजाराची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी कुठं चुकलो ते नीट कळायचं नाही.

आमचं गाव कराड-विटा रस्त्यापासून आत, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळ. त्यामुळं बाजार आम्हाला दोन्हीकडचे. माण, खटाव, आटपाडी हा खिलार जनावरांचा मुलूख. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत आणि खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. आमच्या लहानपणी बैल म्हणजे ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारसायकल सगळं एकच होतं. बैलजोडी घेणं म्हणजे घरातलं लग्न काढण्याइतकं मोठं काम.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या आबांनी दावणीची जोडी मातीमोल विकली. वैरण नव्हती, प्यायला पाणी नव्हतं. आबा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर दोन पावसाळे बरे झाले आणि १९७४ साली आबा नवी जोडी घ्यायला निघाले. मला बरोबर नेलं, कारण मोकळ्या हातानं गेलेल्या माणसाला येताना दोन कासरे धरायचे होते.

तिथं मी पहिल्यांदा रुमालाखालचा व्यवहार बघितला. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. तो गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो, वर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकतो आणि आत बोटं दाबून भाव सांगतो. शेकड्यात बोलायचं का हजारात ते आधी तोंडानं ठरलेलं असतं. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव फक्त दोघांनाच कळतो. बघणाऱ्याला वाटावं, ही सगळी लपवालपवीच आहे. पण लपलेला असायचा तो फक्त भाव. जनावर मात्र सगळ्यांसमोर उघड्यावर उभं असायचं.

आबांनी बैलाचा ओठ वर करून दात बघितले. दात म्हणजे बैलाचा जन्मदाखला. दुधाचे दात असले की आदत, दोन मोठे दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती आणि सगळे आले की जुळलेला. दुधाचे दात पडून पहिली जोडी येते ती साधारण दोन-अडीच वर्षांचं खोंड असताना आणि पाचव्या वर्षाच्या आसपास बैल जुळतो. त्यानंतर दात फक्त झिजतात. मग आबांनी खांदा दाबून बघितला, खूर उचलून बघितले, बैलाला चालवलं, वळवलं, मागं रेटलं. हेडी म्हणत होता, "पावनं, सोनं हाय सोनं." आबा काही बोलत नव्हते. बाजारात बोलायचं काम विकणाऱ्याचं आणि बघायचं काम घेणाऱ्याचं, असं ते मला नंतर सांगायचे.

दीड हजाराला जोडी ठरली. दोन माणसांच्या साक्षीनं इसार दिला, बाजाराची पावती झाली. पावतीवर बैलांचा रंग, शिंगं, दात, विकणाऱ्याचं नाव आणि गाव. चहा झाला आणि आम्ही रातोरात चालत घरी आलो.

आठ दिवसांत कळलं की डावीकडचा बैल कामात बसतो. नांगराला जुंपला की दोन तास ठीक चालायचा, नंतर खाली बसायचा तो मारून पण उठायचा नाही. बाजारात दोन तास नांगराला कोण जुंपून बघतो? आबांनी पावती खिशात घातली, साक्षीदारांतला एकजण बरोबर घेतला आणि हेड्याचं गाव गाठलं. हेडी आधी हो-नाही करू लागला. तुम्ही खायला घातलं नसेल, तुमचं रान कठीण असेल. पण त्याच्या गावातली चार माणसं गोळा झाली. शेवटी त्यानं बैल माघारी घेतला, दुसरा बैल दिला आणि वर शंभर रुपये मागून घेतले, कारण दुसरा बैल चांगला होता. निघताना तो आबांना म्हणाला, "आबा, फुडच्या यात्रंला मला त्याच लिंबाखाली बसायचंय."

हे वाक्य मी विसरलो नाही. तो हेडी काही सज्जन नव्हता. बैलाची खोड त्याला ठाऊक होतीच. पण त्याला गाव होतं, नाव होतं आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली बसायचं होतं. त्याच्या खोटेपणाच्या पायात दावं होतं.

जुना बाजार म्हणजे रामराज्य होतं, असं मला म्हणायचं नाही. शिंगं तासून, तेल लावून म्हातारा बैल तरणा करायचे. म्हशीची एक वेळची धार काढायची नाही, कास तुंबवायची आणि दुधाची म्हणून विकायची, हा धंदा सर्रास चालायचा. माझ्या विधवा चुलतीनं अशीच एक म्हैस घेतली. पाच लिटर सांगितली होती, घरी आल्यावर दोनच्या वर गेली नाही. तिच्याबरोबर भांडायला जाणारा कुणी नव्हता, म्हणून ती म्हैस तिला पचवावी लागली. ज्याच्या मागं माणसं त्याला न्याय, असा तो बाजार. तरी पण म्हैस होती. दोन लिटर का होईना, दूध देत होती.

नव्या गोष्टीवर विश्वास ठेवायला आमची माणसं कायम वेळ लावत आली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ, निवडुंगाच्या माळावर कारखाना घातला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. तिथं लोखंडी नांगर होऊ लागले. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून सुरुवातीला शेतकरी नांगराला हात लावत नव्हते, असं सांगतात. आमचे आजोबा म्हणायचे, शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना बघितला, ढेकळं उलथी होताना बघितली, तवा कुठं मन घेतलं. याला कुणी अडाणीपणा म्हणो. मला आता त्यातलं शहाणपण दिसतं. डोळ्यानं बघितल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, एवढंच ते होतं.

मग ट्रॅक्टर आले. १९५९ साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला, तो देशात तयार झालेला पहिला. १९६१-६२ साली सगळ्या देशात मिळून ८८० ट्रॅक्टर तयार झाले. १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीत कंपनी काढली. १९७१ साली एचएमटीनं पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली आणि १९७४ साली पंजाबातून स्वराज आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी केला होता. आता देशात वर्षाला लाखो ट्रॅक्टर खपतात. म्हणजे जुनेही तेवढेच फिरत असणार, कारण नवा घेणारा बहुतेक वेळा जुना विकूनच घेतो.

आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला १९७८ साली, जमीन गहाण टाकून काढलेल्या कर्जावर. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, पोरं मडगार्डवर बसून मिरवली. पुढं कृष्णेवरच्या पाणी योजना वाढल्या, ऊस वाढला आणि कारखान्याला ऊस ओढणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागले. हप्ते थकले की फायनान्सवाले ट्रॅक्टर ओढून न्यायचे. असे ओढून आणलेले, ऊस वाहून थकलेले, वीटभट्टीवर माती खाल्लेले ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात रंग मारून उभे राहायचे. हेडी गेला आणि एजंट आला. त्यानं रुमाल टाकला नाही, पण दोन्हीकडून दलाली घ्यायची रीत तीच ठेवली.

ट्रॅक्टरला दात नसतात. त्याला तासाचा मीटर असतो. इंजिन किती तास चाललं ते तो सांगतो. पण बैलाच्या तोंडात नवे दात बसवता येत नाहीत, ट्रॅक्टरला नवा मीटर बसवता येतो. आमच्या बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं मला जुना ट्रॅक्टर बघायला शिकवलं. तो म्हणायचा, "मीटर खोटं बोलंल, पेडल न्हाय बोलायचं." मीटरवर हजार तास आणि क्लच-ब्रेकचं पेडल झिजून गुळगुळीत झालेलं असलं, तर पेडलावर विश्वास ठेवायचा. बघायला गेलं की आधी बोनेटवर हात ठेवायचा. इंजिन गरम लागलं, तर मालकानं आपण यायच्या आत चालू करून ठेवलंय. थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरत असणार. धूर निळा आला तर इंजिन ऑईल खातंय. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघायचं. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायचा. चहा संपायच्या आत नांगर जमिनीला टेकला, तर हायड्रॉलिकचा खर्च धरून भाव पाडायचा. आणि रंग नवाकोरा असला तर जास्तच वेळ बघायचं.

हे सगळं मला येत होतं. तरी मी फसलो, कारण यातली प्रत्येक गोष्ट करायला ट्रॅक्टर समोर लागतो.

मोबाईलवरचा बाजार आमच्याकडं हळूहळू आला आणि २०२० च्या लॉकडाऊननंतर एकदम पसरला. माझ्या मुलानं मोबाईलवर बघूनच वाळवा तालुक्यातून जुना रोटाव्हेटर आणला होता, तो अजून चांगला चालतोय. तेव्हा हा बाजार सगळाच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी तीन तालुके पालथे घालावे लागायचे, आता ओसरीवर बसून कळतं कुठं काय आहे. पण मुलानं तो रोटाव्हेटर जाऊन बघितला, जोडून चालवला आणि मग पैसे दिले. मोबाईलनं त्याला फक्त पत्ता दिला होता.

या जाहिरातींतल्या लबाड्यांच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी किरकोळ. "२०१६ मॉडेल" लिहायचं आणि कागदावर साल २०१२. "एक हाती शेतकऱ्याचा ट्रॅक्टर" लिहायचं आणि फोन उचलतो एजंट. "फक्त ९०० तास" आणि टायर दोनदा बदललेले. दुसरी पायरी आमिषाची. किंमत मुद्दाम कमी टाकायची आणि आपण गाडीभाडं खर्चून गेलो की म्हणायचं, "तो कालच गेला, पण दुसरा दाखवतो." इथपर्यंत जुना हेडीच आहे, फक्त त्याच्या हातात मोबाईल आहे. तिसऱ्या पायरीवर मात्र ट्रॅक्टरच नसतो. फोटो कुणाचा तरी, नाव कुणाचं तरी, कागद कुणाचे तरी. त्या पायरीवर मी गेलो.

२०२२ सालच्या दिवाळीच्या तोंडाला मी एक जाहिरात बघितली. पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, बाजारात त्याला साडेतीन लाख पडले असते, तो १ लाख ८५ हजाराला. एवढ्या स्वस्तात का, हा प्रश्न मला पडला. पण त्याचं उत्तर तयार होतं. फोन उचलणारा म्हणाला, "काका, मी फौजेत आहे. वडील गेले, शेती बघायला कोणी नाही. माझी काश्मीरला बदली झालीय. पुण्यातल्या छावणीत ट्रॅक्टर उभा आहे, चांगल्या घरी गेला पाहिजे." मग त्यानं मला आपल्या ओळखपत्राचा फोटो पाठवला. वर्दीतला तरुण पोरगा. मी तो फोटो बायकोला दाखवला.

बाहेरच्या माणसाला याचं वजन कळायचं नाही. आमचा जिल्हा फौजींचा. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान परमुलखात पडले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. आमच्या भागात असं घर शोधावं लागेल ज्याच्या भिंतीवर वर्दीतल्या माणसाचा फोटो नाही. माझ्या घरात तो फोटो माझ्या थोरल्या भावाचा आहे. दादा १९७४ साली भरती झाला आणि हवालदार होऊन घरी आला. ज्या वर्षी आबांनी ती जोडी आणली, त्याच वर्षी तो गेला. पुढं त्याच्या मनीऑर्डरवर आमच्या विहिरीचं बांधकाम झालं. फौजी माणूस व्यवहारात खोटं बोलेल, हा विचार माझ्या डोक्यात यायला जागाच नव्हती. त्या फोनवरच्या माणसाला ट्रॅक्टरमधलं काही कळत नसेल, पण साताऱ्याच्या माणसाचं मन कुठं मऊ आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

आधी छावणीच्या गेटपासचे म्हणून ५,१०० रुपये. मग फौजेच्या ट्रकमधून ट्रॅक्टर पाठवायचं भाडं २१,०००, त्यातले निम्मे माघारी मिळणार होते. ट्रकचा फोटो आला, पावतीचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी फोन आला की, गाडी टोलनाक्यावर अडकलीय, विम्याचे १५,५०० भरा. तेही मी भरले. एकूण ४१,६०० रुपये. चौथ्यांदा त्यानं एक चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे तुमचे जादाचे पैसे माघारी येतील. तेव्हा मुलगा शेजारी होता. तो म्हणाला, "पप्पा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो." मी फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मुलानं त्या ट्रॅक्टरचा फोटो मोठा करून बघितला. मागं एक दुकान होतं आणि त्याच्या पाटीवर पंजाबी अक्षरं होती. पुण्याच्या छावणीतला म्हणून सांगितलेला ट्रॅक्टर पंजाबातल्या कुठल्या तरी बाजारात उभा होता. मी तो फोटो वीस वेळा बघितला असेल. टायर बघितले, बोनेट बघितलं, रंग बघितला. पाटी दिसली नाही.

आठ दिवस मी दादाला काही सांगितलं नाही. त्याचं घर माझ्या घराला लागून, भिंत एक. तरी मी परड्यातून ये-जा करू लागलो. त्यालाच काहीतरी वास आला. एके संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "दाव मोबाईल." मी ते ओळखपत्र दाखवलं. त्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"नोकरीतला जवान आपलं कार्ड असं कुणालाबी धाडंल व्हय रं? आमाला सुट्टीवर येताना सुदीक कार्ड जिवापल्याड जपाय लागायचं. आन् फौजेची गाडी भाडं घिऊन ट्रॅक्टर पोचवती, ह्ये तुला पटलं?"

मी म्हणालो, "तुझ्याकडं बघून पटलं."

दादा गप्प झाला. मोबाईल माझ्या हातात दिला. जाताना म्हणाला, "पैसं तुझं ग्येलं. नाव आमचं ग्येलं."

दादाचं ते बोलणं मला ४१,६०० रुपयांपेक्षा जास्त लागलं. पैसा उसाच्या बिलातून भरून निघाला. पण त्यानंतर एकदा दारात खरोखरचा एक फौजी आला, सुट्टीवर आलेला लांबच्या गावचा पोरगा, रस्ता विचारायला. मी त्याच्याकडं क्षणभर संशयानं बघितलं. दादा शेजारीच उभा होता. त्यानं ते बघितलं असणार. आमच्या भागात चार पिढ्यांनी जे नाव कमावलं ते असं कणाकणानं झिजतं, आणि त्याची तक्रार कुठल्या ठाण्यात करायची?

पैशाची तक्रार मी केली. त्यासाठी १९३० हा नंबर आहे, सगळ्या देशाला एकच. लावायचा असतो लगेच, पहिल्या तासा-दोन तासांत, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवता येतात. मी दुसऱ्या दिवशी लावला, कारण पहिला दिवस शरमेत गेला. तोपर्यंत पैसे काढून घेतलेले होते. तालुक्याच्या ठिकाणी एक वकील ओळखीचे आहेत, त्यांनी मला कायदा सांगितला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ ड आहे. कॉम्प्युटर-मोबाईलवरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आणि योगायोग बघा, आपला वस्तू विक्रीचा कायदाही १९३० सालचाच आहे. वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनासारखी असली पाहिजे, असं त्यात लिहिलंय. वकील म्हणाले, "कायदा चांगला आहे, पण कायद्याला उभा करायला माणूस लागतो." आबांकडं पावती होती, तिच्यावर गाव होतं. माझ्याकडं एक बंद नंबर होता.

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतो. बैलाच्या पावतीचं काम ट्रॅक्टरला आरसी बुक करतं, ते वाचायला शिका. नंबर एमएच ११ असला तर सातारा, ५० कराड, १० सांगली. तो नंबर सरकारच्या परिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख कळते, मग "२०१६ मॉडेल" खरं का खोटं ते घरी बसून बघता येतं. नंबर प्लेट पुसून टाकलेल्या फोटोच्या नादाला लागू नका. इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदाशी ताडून बघा, घासलेला असला तर तिथूनच माघारी फिरा. आरसीवर बँकेचा बोजा असला तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातला असला तर तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, फॉर्म २८. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. पंधरा वर्षं झालेल्या ट्रॅक्टरची नोंदणी पुन्हा करावी लागते, तो खर्च भावात धरा. ट्रॉलीचे कागद वेगळे मागा. आणि या सगळ्याच्या आधी, ट्रॅक्टरला हात लावल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. मागणारा जवान असो, साधू असो नाहीतर तुमचा पाहुणा असो.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या उन्हाळ्यात, आम्ही खरोखर ट्रॅक्टर घेतला. जाहिरात मुलानं मोबाईलवरच बघितली होती. कडेगाव तालुक्यातला माणूस, तिथं आमच्या सुनेचे पाहुणे निघाले. आदल्या रात्री मी दादाला म्हणालो, "येतोस का?" तो म्हणाला, "मला काय कळतंय ट्रॅक्टरमधलं." पण सकाळी मोटारसायकल काढायच्या आत तो टोपी घालून दारात उभा होता.

तिथं गेल्यावर मालक काही बोलायच्या आत दादा सरळ ट्रॅक्टरकडं गेला आणि बोनेटवर तळहात ठेवला. मेस्त्रीची ती गोष्ट मी त्याला कधीतरी सांगितली असेन. थोडा वेळ त्यानं हात तसाच ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "थंड हाय. चालू कर."

ट्रॅक्टर दुसऱ्या झटक्याला चालू झाला. मालकानं मागचे दोन दोष स्वतः सांगितले, लिफ्ट हळू उतरते आणि डावा ब्रेक कमी लागतो. आम्ही तेवढे पैसे कमी केले. इसार दिला तो दादाच्या आणि मालकाच्या शेजाऱ्याच्या साक्षीनं. चहा झाला.

यंदाच्या पाडव्याला मुलगा मोबाईल घेऊन आला. तोच फोटो पुन्हा जाहिरातीत आलाय. तोच ट्रॅक्टर, तीच मागची पाटी. नाव वेगळं, बदली या वेळी आसामला, किंमत १ लाख ७० हजार. म्हणजे म्हैस अजून पाण्यातच आहे आणि काठावर कुणीतरी मोल करत उभा असणार. मुलानं त्या जाहिरातीची तक्रार टाकली. मी गावातल्या ग्रुपवर तो फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, हा ट्रॅक्टर कुणी घ्यायचा नाही, हा मी एकदा घेतलेला आहे.

पहिलं उत्तर दादाचं आलं. त्याला टाईप करायला येत नाही, म्हणून त्यानं नुसता आवाज पाठवला होता. "बरं केलंस," एवढंच.